रिपोर्ट लिहायलाही शिकवा
संपादक साहेब, २०२३ ला बाणावलीत एससीओच्या (शांघाय सहकार्य संघटनेच्या) परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली तेव्हा आमच्याकडे चर्चा फक्त ट्रॅफिकची, पण आत कोण काय बोललं ते आपापल्या राजधानीला कळवणं हे अधिकाऱ्यांचं मोठं काम असतं आणि ते शिकावं लागतं. ऐकलेलं वेगळं, स्वतःचा अंदाज वेगळा, सांगणारा कितपत भरवशाचा तेही लिहायचं. जॉर्ज केनन या अमेरिकी मुत्सद्द्याने १९४६ ला मॉस्कोहून पाठवलेल्या तारेने अमेरिकेचं सोव्हिएत रशियाबद्दलचं धोरणच बदललं. आयएफएसवाल्यांना (भारतीय परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांना) दिल्लीत सुषमा स्वराज संस्थेत ट्रेनिंग मिळतं, पण त्याआधी काय? माझ्या भाचीच्या प्रोजेक्टमध्ये "असं म्हणतात" चार वेळा, कोण म्हणतं ते एकदाही नाही, आणि कॉलेजात कोणी विचारलंही नाही, याचं वाईट वाटतं. आमची पोरं पोर्तुगीज शिकतात, मग गोव्यातल्या कॉलेजांनी असा रिपोर्ट लिहिण्याचाही एक छोटा कोर्स सुरू करावा.
— एक वाचक, मडगाव