डॉ. ब्रायन ड्रकर, आईच्या रोजच्या गोळीसाठी तुमचे आभार

डॉ. ब्रायन ड्रकर,
ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटी, पोर्टलंड
यांना सा. न. वि. वि.

माझ्या आईला सीएमएल आहे, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात त्याला रक्ताचा कॅन्सर म्हणतात आणि ते म्हणताना माणसं आवाज खाली आणतात. रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेलेल्या, पानथरी सुजून डावी बाजू टणक झालेली. भावकीतली मोठी माणसं भेटायला येऊन गेली, ती परत भेट होईल की नाही अशा चेहऱ्यानं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मात्र चिठ्ठीवर इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. रोज एक, जेवण झाल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. बाकी काही नाही. आई ती आजही घेते, दुपारची भाकरी झाली की. या गोळीमागे तुम्ही आहात, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून हे पत्र मनात होतं.

तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगायची काही गरज नाही. पण हे पत्र इथली, आमच्यासारखीच घरं वाचतील, म्हणून थोडी सांगते.

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या आजाराच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, हे कळायला तेरा वर्षं लागली. शिकागो विद्यापीठातल्या डॉ. जॅनेट रोली चार मुलगे वाढवत आठवड्यातले थोडेच दिवस लॅबमध्ये जात. गुणसूत्रांचे फोटो त्या घरी जेवणाच्या टेबलावर कात्रीनं कापून जुळवत बसायच्या. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात. या अदलाबदलीत दोन जनुकं एकमेकांना चिकटतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं एक नवंच प्रथिन तयार होतं. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर चालूवरच अडकून बसावा, तसं हे प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम देत राहतं. १९९० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवून दिलं की हा आजार घडवायला ते एकटं पुरेसं आहे. यातल्या कुणाच्याही हातात तेव्हा औषध नव्हतं, आणि तरी त्यांनी काम सोडलं नाही. आमच्याकडे अशा कामाला 'याचा उपयोग काय' असं लगेच विचारतात. मला ते विचारणं आता सहन होत नाही.

तुम्ही आधी बोस्टनला होतात. १९९३ साली पोर्टलंडला आलात आणि बाझलच्या सीबा-गायगी कंपनीतल्या निक लायडन यांच्याकडे त्यांच्या चमूनं बनवलेली रसायनं मागितलीत. हे प्रथिन एटीपीच्या, म्हणजे पेशीतल्या इंधनाच्या, जोरावर चालतं. एटीपी जिथं बसतं त्या खाचेत आधीच जाऊन बसेल, असं रसायन तुम्हाला हवं होतं. एका रसायनानं ते केलं, तेच पुढं इमॅटिनिब झालं. काचेच्या बशीत सीएमएलच्या पेशींच्या वसाहती जवळजवळ नाहीशा झाल्या आणि निरोगी पेशींना धक्काही लागला नाही. ते तुम्ही १९९६ मध्ये छापलंत.

माझा नमस्कार खरा त्यानंतरच्या दिवसांसाठी आहे. एटीपीवर चालणाऱ्या अशा शेकडो प्रथिनांची (त्यांना किनेज म्हणतात) रचना सारखीच, त्यातलं एकच रोखणं जमायचं नाही, असं जाणकार म्हणत होते. कुत्र्यांवरच्या चाचण्यांत यकृताला त्रास दिसला. आजार दुर्मीळ, रुग्ण थोडे, म्हणून कंपनीला बाजार लहान वाटत होता. हे रसायन तेव्हा एखाद्या फ्रीजरमध्येच पडून राहिलं असतं. तुम्ही सीएमएलचे रुग्ण स्वतः तपासत होतात, त्यांना दुसरा उपाय उरलेला नाही हे रोज बघत होतात आणि म्हणून कंपनीच्या मागे लागून राहिलात. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णानं गोळी घेतली. इंटरफेरॉनची इंजेक्शनं ज्यांना लागू पडली नाहीत अशा ५४ जणांना ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस दिला, त्यातल्या ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. पुढं मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी ८३ टक्क्यांहून जास्त लोक दहा वर्षांनीही जिवंत होते. पूर्वी या आजारात इतकी वर्षं फार थोड्यांच्या वाट्याला यायची.

पण नुसतं औषध निघून आमच्या घरात गोळी आली नसती. मूळ कंपनीच्या गोळ्यांना इथं महिन्याला लाखाच्या वर पैसे पडायचे. आमची सगळी जमीन विकूनही ते किती दिवस पुरलं असतं! भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती, आणि ती बंद पडते की काय अशी वेळ पेटंटच्या खटल्यानं आणली होती. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन त्या पेटंटविरुद्ध उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंटचा दावा फेटाळला. त्यांचेही आभार या पत्रात यायलाच हवेत. आणि तुमचे दुसऱ्यांदा. हा वाद चालू असताना, २००७ मध्ये, तुम्ही भारतातल्या एका वर्तमानपत्रात लिहिलंत की या औषधाची जगभरातली किंमत तुम्हाला अस्वस्थ करते आणि किरकोळ बदलांवर पेटंट मागून मक्तेदारी लांबवणं बरोबर नाही. ज्याच्या हातून औषध घडलं त्यानंच हे बोलावं, याला मोठं मन लागतं. २०१३ मध्ये जगभरच्या शंभराहून जास्त सीएमएल तज्ज्ञांनी किमतींविरुद्ध एकत्र लेख लिहिला, त्यातही तुम्ही होतात.

आईचं म्हणाल तर सकाळी तिच्या डोळ्यांखाली सूज असते, रात्री कधी पोटरीत गोळा येतो. डॉक्टर म्हणतात, गोळीमुळे होतं, घाबरू नका. बीसीआर-एबीएलच्या तपासणीची तारीख जवळ आली की ती गप्प होते. रिपोर्टचा कागद हातात आला की चष्मा लावून एकच आकडा शोधते. आकडा मनासारखा असला की तिथंच बेंचवर बसून डबा उघडते आणि शेजारच्या नव्या पेशंटला त्यातला धपाटा खायला देत बजावते, 'बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही.' तिनं त्या रांगेत कितीतरी जणांना धीर दिलाय. शिकलेली नाही फार, पण नवव्या आणि बाविसाव्याची अदलाबदल ती आता बोटांची गुंफण करून नेमकी समजावते.

तुमच्या लॅबमध्ये आज जी मुलंमुली सूक्ष्मदर्शकापुढं बसलेली असतील, त्यांना आमचा नमस्कार सांगा. त्यांतल्या कुणाला वाटत असेल की आपल्या कामातून काही निघत नाही, तर त्यांना जॅनेट रोलींच्या त्या टेबलाची आठवण करून द्या.

आईचा निरोप आहे की इकडं आलात तर जानेवारीत या. शेतात हुरडा असतो, ती स्वतः भाजून देईल.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
बार्शी तालुक्यातल्या एका पेशंटची लेक