याद्यांबरोबर कारणेही छापावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत वाचकांच्या आवडत्या चित्रपटांच्या याद्या प्रसिद्ध होत आहेत आणि मी त्या आवडीने वाचतो. मात्र या याद्यांत एक ते दहा क्रमांक, चित्रपटाचे नाव आणि कंसात वर्ष एवढेच असते; तो चित्रपट त्या वाचकाला का आवडला, याबद्दल एक ओळही नसते. माझी सूचना अशी आहे की, क्रमांक काढून टाकावेत, नावे निम्म्यावर आणावीत आणि त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या जागेत कारणे छापावीत.

आवडता चित्रपट आणि श्रेष्ठ चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सगळ्यांना मान्य असते आणि यादी करायला बसले की सगळे ते विसरतात. आपली यादी चारचौघांत वाचली जाणार म्हटल्यावर माणूस जरा सावरून बसतो. मनापासून आवडणारा एखादा हलकाफुलका चित्रपट मागे पडतो आणि ज्याचे नाव घेतल्याने आपली पत वाढेल असा एखादा पुढे सरकतो. ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'चेच (१९४१) उदाहरण घेऊ. एका मृत माणसाचे आयुष्य निरनिराळ्या लोकांच्या आठवणींतून उलगडणारी रचना, जवळची आणि दूरची वस्तू एकाच चौकटीत सारखीच स्पष्ट दाखवणारे ग्रेग टोलंड यांचे छायाचित्रण, आणि हे सगळे पंचविशीतल्या दिग्दर्शकाच्या पूर्ण लांबीच्या पहिल्याच चित्रपटात! त्याच्या थोरवीबद्दल माझा वाद नाही. तरीही तो माझ्या यादीत नाही, कारण तो संपल्यावर मला त्याच्याविषयी वाचावेसे वाटते, तो पुन्हा पाहावासा वाटत नाही. 'सिटिझन केन'बद्दल मला आदर आहे, ओढ नाही. आणि आवडीची यादी ओढीचीच असायला हवी.

क्रमांकांना माझा विरोध का, याचे उत्तर जगातल्या सर्वांत नावाजलेल्या मतमोजणीतच सापडते. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून प्रत्येकी दहा चित्रपटांची नावे मागवते. गंमत अशी की, मत देणाऱ्याने पहिला-दुसरा असा क्रम लावला तरी मोजणीत त्याला अर्थ नसतो. दहाही नावांना सारखेच एकेक मत मिळते. म्हणजे 'आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट' म्हणून जो जाहीर होतो तो अनेकांच्या पहिल्या पसंतीचा असेलच असे नाही. तो जास्तीत जास्त लोकांच्या दहांत कुठेतरी होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. पहिल्या मोजणीत व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' पहिला आला; १९६२ ते २००२ पर्यंत सलग पाच वेळा 'सिटिझन केन'; २०१२ मध्ये हिचकॉक यांचा 'व्हर्टिगो'; आणि २०२२ मध्ये शांताल अकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमान' (१९७५), जो दहा वर्षांपूर्वी पहिल्या तिसांतही नव्हता. दरम्यान चित्रपट तोच राहिला, मत देणारे बदलले : २०१२ मध्ये ते ८४६ होते, २०२२ मध्ये सोळाशेंहून अधिक. एका विधवेची स्वयंपाकघरातली कामे स्थिर कॅमेऱ्यातून तीन तासांहून अधिक वेळ दाखवणाऱ्या चित्रपटाला पहिले स्थान मिळाल्यावर काहींनी ही मोजणीच बिघडल्याची ओरड केली, तर काहींनी ती आता कुठे सुधारली असे म्हटले. मला त्या भांडणापेक्षा त्या निमित्ताने समीक्षकांनी आपापल्या यादीसोबत लिहिलेली टिपणे अधिक मोलाची वाटली. निकाल दहा वर्षांनी शिळा होतो. एखाद्याने एखादा प्रसंग का जपून ठेवला आहे, हे शिळे होत नाही.

आता माझी यादी, कारणांसह. तिला क्रम नाही.

अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू' (१९५२) हा त्यातला मला सर्वांत जवळचा. वातानाबे हा पालिकेतल्या एका खात्याचा प्रमुख, कागदांवर शिक्के मारण्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते आणि उरलेल्या दिवसांत तो एका गलिच्छ डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करून घेतो. कथा एवढीच सांगितली तर ती कोणत्याही बोधकथेसारखी वाटेल. कुरोसावांची करामत अशी की, वातानाबे बागेच्या कामाला लागतो न लागतो तोच, चित्रपटाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग शिल्लक असताना, निवेदक त्याच्या मृत्यूची बातमी देतो आणि पुढचा बहुतेक भाग त्याच्या शोकसभेत घडतो. सहकारी आणि वरिष्ठ मंडळी मद्य घेत बसली आहेत. बागेचे श्रेय कोणाचे यावर त्यांची चर्चा चालली आहे. आणि एकेकाच्या आठवणीतून आपल्याला कळते की, हा माणूस साहेबांच्या दारात कसा चिवटपणे उभा राहिला, अपमान कसे गिळले, गुंडांच्या धमक्यांनाही कसा डगमगला नाही. जे काम सरळ दाखवले असते तर त्याची वीरगाथा झाली असती, ते काम आपल्याला त्याच्याविषयी फारशी आस्था नसलेल्या लोकांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकावे लागते. रात्र चढते तशी ही मंडळी भावनावश होतात, आपणही त्याच्यासारखेच वागू अशा शपथा घेतात. आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात तेच टेबल, तेच कागदांचे ढीग आणि अर्जदाराला दुसऱ्या खात्याकडे पाठवण्याची तीच पद्धत. बर्फ पडत असताना झोपाळ्यावर बसून गाणाऱ्या वातानाबेचे दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहते, माझ्याही आहे. पण मी हा चित्रपट पुन्हा पाहतो तो त्या शोकसभेसाठी. ताकाशी शिमुरा यांचा अभिनय थोर आहेच, तरी नायक पडद्यावरून गेल्यावरही इतका वेळ चित्रपट तोलून धरणारी पटकथा मला त्याहून थोर वाटते.

सिडनी ल्यूमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) पुष्कळांच्या यादीत असतो आणि त्याचे कारण बहुधा संवाद, असे सांगितले जाते. बारा पंच (ज्युरी), एक खोली, खुनाचा आरोप असलेला एक मुलगा, आणि अकरा विरुद्ध एक अशी सुरुवात. संवाद उत्तमच आहेत, पण ते रंगमंचावरही तसेच ऐकू आले असते. हा चित्रपट माझ्या यादीत आहे तो कॅमेऱ्यामुळे. आरंभी कॅमेरा माणसांच्या नजरेच्या किंचित वर आहे आणि भिंगे रुंद चौकट दाखवणारी आहेत. मधल्या भागात तो नजरेच्या पातळीवर येतो. शेवटच्या भागात तो खाली जातो आणि भिंगांची नाभीय लांबीही, म्हणजे चौकट अरुंद करून मागच्या वस्तू जवळ आणण्याची क्षमता, वाढत गेलेली असते. परिणाम असा की, भिंती माणसांच्या पाठीला येऊन चिकटल्यासारख्या वाटतात, छत दिसू लागते आणि खोली आक्रसत चालल्याचा भास होतो. ल्यूमेट यांनी ही योजना पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. पण ती ठाऊक नसतानाही प्रेक्षकाचा जीव गुदमरतो, हे तिचे यश. मग निकाल झाल्यावर न्यायालयाबाहेर एकदम मोकळी, रुंद चौकट येते आणि तिथे बारांपैकी दोघे जण एकमेकांना आपली नावे सांगतात. एका मुलाच्या जिवाचा निर्णय करून बाहेर पडलेल्या या माणसांची नावे तोवर आपल्याला ठाऊकच नव्हती, हे तेव्हा कुठे ध्यानात येते. पुढे बासू चटर्जींनी 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) केला. तोही मला आवडतो, पण त्याचे बळ अभिनयात आहे, खोलीत नाही.

'संत तुकाराम' (१९३६) यादीत आहे म्हटल्यावर तो भक्तिभावाने आला असेल असा समज होईल, म्हणून स्पष्ट करतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तर अपूर्वच आहे, पण दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा तोल मला जिजाईमुळे सांभाळलेला दिसतो. संसाराची ओढाताण करणारी, नवऱ्यावर खेकसणारी आणि प्रसंगी देवालाही जाब विचारणारी ही बाई नसती, तर तुकारामाचे वैराग्य फार स्वस्तात मिळाले असते. आणि शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले 'आधी बीज एकले' हे गीत तुकोबांचाच अभंग समजून लोक गात आले, याहून मोठी पावती गीतकाराला दुसरी कोणती असणार?

जब्बार पटेल यांच्या 'सामना'विषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव हा नुसता दुष्ट नाही, तो कर्तबगार आहे, लोकांना हवासा वाटणारा आहे, आणि डॉ. लागूंचा मास्तर धुतल्या तांदळासारखा नाही. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा एक प्रश्न विजय तेंडुलकरांनी इतक्या वेळा विचारायला लावला आहे की, उत्तर मिळाल्यावरही तो संपत नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१३) शेवट, म्हणजे जब्या या दलित मुलाने कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावलेला दगड, सर्वांना ठाऊक आहे. मला त्याच्या आधीचे एक दृश्य अधिक भेदक वाटते. डुक्कर पकडण्यासाठी जब्याचे कुटुंब धावते आहे, डुक्कर अगदी हाताशी आले आहे, आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर मात्र चालते होते. प्रेक्षक आधी हसतात आणि मग आपण नेमके कशाला हसलो, या विचाराने गप्प होतात. या दृश्यात कोणी एक शब्दही बोलत नाही, आणि नागरिकत्वाविषयी इतके थेट बोलणारे दृश्य मी मराठी पडद्यावर दुसरे पाहिलेले नाही.

या नावांच्या शेजारी 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पाहून काही वाचक नाक मुरडतील. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची (१९६६) आहे हेही ते सांगतील, आणि ते खरेच आहे. पण विनोदी चित्रपट यादीत घेताना आपण क्षमा मागितल्याच्या सुरात का बोलतो? भाड्याच्या घरासाठी बायकांचे सोंग घेतलेल्या दोघांपैकी सचिन यांची सुधा बाईपणात मुरलेली, तर लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती क्षणाक्षणाला त्यातून निसटणारी. आणि या दोघांचा पसारा सावरताना अशोक सराफ यांनी साकारलेला धनंजय माने स्वतः जवळजवळ काहीच विनोदी करत नाही. ही वाटणी जमवणे सोपे असते, तर या चित्रपटाच्या धर्तीवर निघालेले इतके चित्रपट फसले नसते. 'इकिरू' आणि 'बनवाबनवी' यांतला कोणता वर, कोणता खाली हे ठरवायला मला सांगितले तर मी यादीच मागे घेईन. आणि क्रमांक नकोत म्हणण्याचे माझ्यापुरते कारण हेच आहे.

आणखी एक गोष्ट या याद्या वाचताना सतत जाणवते. आपण निवड करतो ती जे आपल्यापर्यंत पोहोचले त्यातून. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) काही भागच आज उपलब्ध आहे आणि भारतीय मूकपटांपैकी फार थोडे शिल्लक आहेत. त्यांच्यात कोणाचा आवडता चित्रपट होता कोण जाणे. ज्याँ रन्वार यांचा 'द रूल्स ऑफ द गेम' १९३९ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी झिडकारला, दिग्दर्शकाने तो कापला, पुढे युद्धातल्या बाँबहल्ल्यात त्याची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. १९५९ मध्ये मिळतील ते तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला गेला. 'पथेर पांचाली'सह सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळल्या आणि त्यांतून वाचलेल्या भागांवर अतिशय किचकट काम करून २०१५ मध्ये नव्या प्रती प्रदर्शित झाल्या. काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला धावणारी दुर्गा आणि अपू ही भावंडे आज आपल्याला इतकी लख्ख दिसतात, त्यामागे हे श्रम आहेत. 'पथेर पांचाली'ही माझ्या यादीत आहे. त्याचे कारण मात्र आगगाडी नसून चुनीबाला देवींनी साकारलेली घरातली म्हातारी नातेवाईक, इंदिर ठाकरुण आहे, जिचा मिश्कील आप्पलपोटेपणा आणि एकटेपणा राय यांनी एकाच चेहऱ्यावर टिपला.

यादी वाचून लोक हमखास विचारतात, 'अमुक चित्रपट कसा नाही?' या प्रश्नाला उत्तर नसते, कारण सात-आठ जागांत न बसलेले चित्रपट शेकड्यांनी असतात. 'हा का आहे?' असे विचारले तर मात्र बोलणे सुरू होते, आणि ते छापण्याजोगेही असते. तेव्हा यापुढे वाचकांकडून पाचच चित्रपट मागवावेत, प्रत्येकासोबत एक प्रसंग आणि तो का लक्षात राहिला याची दोन-तीन वाक्ये मागावीत. केवळ नावे पाठवणाऱ्यांची पत्रे बाजूला ठेवली तरी हरकत नाही. माझी निवड पटत नसलेल्या वाचकांनीही जरूर लिहावे. 'इकिरू'चा तो शेवटचा भाग लांबलेला आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. पहिला आक्षेप तिथूनच यावा, त्याला उत्तर द्यायला मला आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक