लिऊझोऊला येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मार्चअखेरीस इकडे यायचं ठरवलंत, ते उत्तम. तेव्हा दक्षिण चीनमधल्या या लिऊझोऊचे रस्ते कांचनाच्या फुलांनी गुलाबी होतात. आपल्या आपट्याचाच तो भाऊबंद. फक्त 5 एप्रिलच्या आसपास प्रवास नको. छिंगमिंग म्हणजे इथली पितरांची सुट्टी, त्या दिवसांत रेल्वे तुडुंब असते.

व्हिसा एस-2 मागा, म्हणजे नातलगांच्या छोट्या भेटीचा. निमंत्रणपत्र, माझ्या पासपोर्टची आणि राहण्याच्या परवान्याची प्रत मी पाठवते. नात्याचा पुरावा म्हणून माझा जन्मदाखला लागेल, आणि घोडं अडतं ते इथेच. दाखल्यावरचं आईचं नाव आणि तिच्या पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते आत्ताच पाहा. फरक असेल तर दुरुस्तीला आठवडे जातात.

आता सामान. आई, हे नीट वाच. खसखस चिमूटभरही नको. इथे ती अफूच्या कायद्यात मोडते. गोडा मसालासुद्धा खसखशीशिवायचा कर. लोणी, खवा, पेढे, ताजी फळं, भाज्या, बियाणं यांना कस्टम्सची बंदी आहे. गुळाचं ओझं आणू नको. आमचा ग्वांगशी हा चीनमधला सर्वांत जास्त ऊस पिकवणारा प्रांत, इथल्या होंगथांगच्या म्हणजे लाल साखरेच्या वड्या पुरणालाही चालतील. शेंगदाणे, तीळ, कोथिंबीर, दोडका, कारलं, सोललेली मूगडाळ सगळं मिळतं. तूरडाळ बाजारात दिसत नाही, पण मुगाच्या वरणावर महिना सहज निघेल. हिंग, आमसुलं आणि मसाला तेवढा आण. माझी शेगडी इंडक्शनची आहे, तिच्यावर अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. तळाला लोहचुंबक चिकटेल असा स्टीलचा तीन लिटरचा आण. बाबा, अडकित्ता घरीच ठेवा; स्टेशनवर प्रत्येक बॅग एक्स-रेतून जाते आणि धारदार वस्तू अडवतात.

गोळ्या मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. चिठ्ठीवर कंपनीने दिलेलं नाव नको, मूळ औषधाचं नाव हवं.

फोनचं गणित उलटं आहे. माझ्या वायफायवर व्हॉट्सअॅप, गूगल, यूट्यूब काहीच उघडत नाही. इथलं वीचॅट भारतात 2020 पासून बंद. पण भारतीय सिमचं रोमिंग आपल्या कंपनीच्या जाळ्यातूनच जातं, म्हणून त्यावर व्हॉट्सअॅप चालतं. तेव्हा बाबांच्या नंबरवर निघण्याआधीच रोमिंग पॅक घ्या. बँकेचे ओटीपीही त्यावरच येतील.

पोहोचल्यावर पहिलं काम पोलीस चौकीचं. हॉटेलात उतरलं तर नोंद तेच करतात. घरी राहिलं तर 24 तासांत आपण जायचं. तुमचे पासपोर्ट, माझा भाडेकरार आणि घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत लागते. मालकाची प्रत मी आधीच घेऊन ठेवते, कारण ऐन वेळी त्यांचा फोन लागला नाही की सगळं तिथेच थांबतं. चुकलं तर 2000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

मला खरी काळजी आहे ती ओलीची. वसंतात दक्षिणेकडून उबदार, दमट वारा येतो आणि हिवाळ्यात गार पडलेल्या भिंती-फरश्यांवर त्याचं पाणी होतं. याला इथे हुईनानथियान म्हणतात. भिंती अक्षरशः घाम गाळतात. आपल्याकडे कोंदटलं की खिडक्या उघडायच्या. इथे बरोबर उलट, घट्ट बंद ठेवून एसी ड्राय मोडवर लावायचा. फरशी निसरडी होते, म्हणून रबरी खाचांच्या तळाच्या चपला आणाच. आई, तुझ्या त्या गुळगुळीत सपाता नकोत. सुती साड्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा सिंथेटिक जास्त घे.

बाहेर खायचं तर इथलं प्रसिद्ध लुओसफन, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या शेवया, तुमच्यासाठी नाही. तो रस्सा गोगलगाय आणि डुकराच्या हाडांचा असतो, वर आंबवलेल्या बांबूचा वास. साध्या पालेभाजीतही चरबी असू शकते, म्हणून ऑर्डर मीच देईन. नळाचं पाणी प्यायचं नाही, पण उकळतं पाणी स्टेशनवर, गाडीत, सगळीकडे फुकट. थर्मास आणा.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांचे फोटो रविवारपर्यंत ऑफिसच्या मेलवर पाठवा. जीमेल इथे उघडत नाही.

तुमची,
चिऊ