सालाझारची राजवट लोकांनी का चालवून घेतली, तेही शिकवा

प्रति,
मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य,
सचिवालय, पर्वरी

महोदय,

गोवा मुक्तिलढा शिकवताना १८ जून १९४६ची लोहियांची मडगावची सभा येते, १५ ऑगस्ट १९५५चा सत्याग्रह आणि त्यावरचा गोळीबार येतो, १९ डिसेंबर १९६१चा मुक्तिदिन येतो. हे सगळं यायलाच हवं. पण मुलं घरी आजोबांकडून वेगळंच ऐकून येतात. पोर्तुगीज काळात दाराला कुलूप लावावं लागत नसे, सगळं स्वस्त होतं. मग ती विचारतात, "सर, इतकं चांगलं चाललं होतं तर लढायचं कशाला?"

आजोबा खोटं बोलत नाहीत, म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर वर्गात मिळायला हवं.

पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा बनलेला सालाझार १९२८मध्ये अर्थमंत्री झाला, तेव्हा तो देश सोळा वर्षांत चाळीसहून अधिक सरकारं पाहून थकलेला होता. त्याने पहिल्याच वर्षी अंदाजपत्रक शिलकी करून दाखवलं. पुढे दुसऱ्या महायुद्धापासून देश बाजूला ठेवला. लोकांनी रस्त्यावर येऊन जयजयकार करावा अशी त्याची फारशी अपेक्षा नव्हती. देव, देश, कुटुंब सांभाळा आणि राजकारण माझ्यावर सोडा, एवढंच त्याला हवं होतं. दमलेल्या माणसाला हा सौदा परवडणारा वाटतो.

गोव्यात हा सौदा कसा पटला, ते अधिक बारकाईने पाहायला हवं. १९५५च्या सुमारास भारताने नाकेबंदी केली. मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या मनीऑर्डरी अडल्या, घरोघरी झळ बसली. सालाझारने त्याचाच फायदा उठवला. परदेशातून धान्य, बटाटे आले. जकात कमी असल्याने घड्याळं, दारू, कापड दुकानांत स्वस्तात मिळू लागलं. त्याच दशकात खनिज लोह जपानला जाऊ लागलं आणि खाणींवर पैसा खेळू लागला. आपल्याला उपाशी कोण मारतंय आणि पोसतंय कोण, हे सामान्य माणसाने आपल्या ताटावरून ठरवलं. त्याला दोष देण्याचं धाडस मला होत नाही.

पण त्याच गोव्यात लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. गोव्यातले राष्ट्रवादी नेते त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं गेलं. मुक्तिसैनिक मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यानंतरही १९६९पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. स्वस्त घड्याळ आणि पेनिशची कोठडी एकाच सरकारने दिली, हे मुलांना एकाच तासाला कळायला हवं. खुद्द पोर्तुगालमध्ये २००७ साली सरकारी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी सालाझारला सर्वांत थोर पोर्तुगीज म्हणून निवडलं. दुसरा आला अल्वारो कुन्याल, पेनिशच्याच किल्ल्यातून निसटलेला त्याचा विरोधक. म्हणजे तिथेही हा हिशेब मिटलेला नाही.

माझी मागणी साधी आहे. १९६१मध्ये विशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून नववीच्या मुलांना आपापल्या वाड्यावरच्या अशा ज्येष्ठांच्या आठवणी नोंदवण्याचा प्रकल्प द्यावा. त्या काळाचं कौतुक करणाऱ्यांच्या, तुरुंग भोगलेल्यांच्या आणि गप्प राहिलेल्यांच्याही. कोकणी, मराठी, पोर्तुगीज, ज्या भाषेत ते बोलतील त्या भाषेत. या नोंदी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जतन व्हाव्यात आणि पुढच्या पाठ्यपुस्तकात वापरल्या जाव्यात. यासाठी परिपत्रक जूनपूर्वी निघालं, तर आम्ही शिक्षक पहिल्याच सत्रात कामाला लागू.

आपला,
एक इतिहास शिक्षक, फोंडा