धोपाव्याच्या जेट्टीवर सुटलेलं गणित

आदरणीय काका,

समोर बसून आभार मानायला गेले तर तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलाल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा एम.टेक.चा प्रबंध पॅकेट लॉसपाशी अडला होता. नेटवर्कवरून माहिती लहान तुकड्यांनी जाते, ती पॅकेटं; वाटेत गळतात तो लॉस. एकाच लिंकवरून फोनचा आवाज जातो आणि फाइलीही जातात. राउटरचा बफर, म्हणजे पॅकेटं थांबायची जागा, भरला की कुणाची किती पॅकेटं गळतील, हे मांडायचं होतं. मी सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून नेहमीचं सूत्र लावलं. भार ८०% (लिंकच्या क्षमतेच्या), जाणारं पॅकेट धरून बफरमध्ये जागा १०, तर लॉस २.३%. जागा २० केल्या की ०.२३%. कॉलेजच्या नेटवर्कवरच्या नोंदी मात्र याहून कितीतरी वाईट होत्या.

तुमचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजात गेलं, किती कॉल परतवले जातील हे सांगणारं एर्लांगचं १९१७ चं सूत्र तुम्हाला तोंडपाठ. तरी तुम्ही वही बाजूला ठेवून मला धोपाव्याहून खाडीपलीकडे दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीवर नेलंत. रस्ता मोकळा होता, मग एकामागोमाग सात-आठ गाड्या आल्या. "सरासरी काढलीस तर इथे रांगच लागायला नको. पण येतात ती झुंडीनं." पॅकेटंही तशीच येतात. इथरनेटच्या (तारेनं जोडलेल्या संगणकांच्या नेटवर्कच्या) मोजणीवरून १९९४ साली हे दाखवलं गेलं होतं, आणि मी ते नुसतं वाचून सोडलं होतं.

मग रुग्णवाहिका आली. सगळ्यांनी वाट दिली, ती पहिली चढली, आणि शेवटच्या जीपला जागा उरली नाही; ती चिपळूण-खेडच्या रस्त्यानं वळशाला लागली. "बोट मोठी झाली काय गो?" तुम्ही विचारलंत.

माझं तिसरं प्रकरण त्या जीपवर उभं आहे. पॅकेटं सारख्या लांबीची असतील आणि भरलेल्या बफरमधून आवाजाच्या पॅकेटानं फाइलीचं पॅकेट बाहेर ढकललं, तर एकूण लॉस तेवढाच राहतो, फक्त तो सोसणारा बदलतो. आवाजासाठी जागा राखून ठेवल्या तर एकूण लॉस उलट वाढतो, कारण जागा रिकामी असूनही फाइलीला परतवलं जातं.

आवाज आणि फाइली हे दोन्ही वर्ग वेगळे मोजल्यावर २० जागांच्या २३१ अवस्था झाल्या, म्हणजे कुणाची किती पॅकेटं आत आहेत याच्या २३१ शक्यता. आषाढात वीज गेलेली असताना तुम्ही कंदिलाशी बसून एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या दरांचा माझा तक्ता, ज्यात प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायला हवी, ओळीनं तपासलात आणि बेरीज शून्य न येणारी ती एक ओळ शोधून काढलीत. त्या चुकीपायी माझे तीन आठवडे गेले होते, काका.

प्रबंधाची पहिली प्रत घेऊन रविवारी येते. पेन्सिल काढून ठेवा.

तुमची,
शेजारच्या वाडीतली विद्यार्थिनी