आजाराचं कधी, कुणाला सांगायचं ते पेशंटलाच ठरवू द्या

संपादक, स. न.

सोनाली बेंद्रेनी जुलै २०१८ मधे स्वतःच इन्स्टाग्रामवर कॅन्सरचं सांगितलं, नंतर केस काढलेले फोटोपण टाकले, त्यामुळे अशा पेशंटना किती धीर आला असेल! उलट हॉलिवूडच्या चॅडविक बोसमनला २०१६ मधे मोठ्या आतड्याचा कॅन्सर कळला, ट्रीटमेंट घेत घेत तो सिनेमे करत राहिला आणि ऑगस्ट २०२० मधे ४३ व्या वर्षी गेला तेव्हाच जगाला कळलं. मला दोघंही बरोबर वाटतात, कारण ठरवलं त्यांनी स्वतः.

आपल्याकडे काय होतं, बायोप्सीचा रिपोर्ट पेशंटने नीट वाचायच्या आधी फॅमिली ग्रुपवर जातो, कुणीतरी काळजीपोटीच आयसीयूतला नाकात नळी असलेला फोटो टाकतं, मग तो सोसायटीच्या ग्रुपवर, मग ऑफिसात, आणि पुढे काढे, गोमूत्र, कुठल्यातरी बाबाचा नंबर. हेतू वाईट नसतो कुणाचा पण पेशंट थकतो हो, शिवाय त्याला नोकरीची धास्ती असते, घरात लग्नाची मुलगी असते.

क्राउडफंडिंगला, म्हणजे उपचारासाठी लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करायला, नाव, फोटो, आजार द्यावाच लागतो, पण तेव्हाही त्याला बोलता येत असेल तर आधी त्याला विचारा ना. आणि रक्त हवं असेल तर ब्लड ग्रुप, हॉस्पिटल, नातेवाइकाचा नंबर आणि तारीख एवढं पुरतं, आजाराचं नाव कशाला? तारीख मात्र टाकाच, नाहीतर तो मेसेज फिरतच राहतो आणि लोक नंतरही फोन करतात.

- एक वाचक, ठाणे