कवंडाळं या वर्षी तूच आण

पोर्तो, पोर्तुगाल
20 जुलै 2025

प्रिय पक्या,

तुझे तीन मेसेज बघूनही गप्प बसलो, तेव्हा आधी पोटभर शिव्या घालून घे. फोन केला असता तर दोन मिनिटांत तू माझ्याकडून सगळं काढून घेतलं असतंस, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. पाठ दुखायची, खुर्ची बदलली.

चतुर्थीला यायचं जमत नाहीये. रहिवासाचं कार्ड आलेलं नाही. लॅपटॉपवर बाहेरच्या कंपनीचं काम करणाऱ्यांना इथे जो व्हिसा देतात (पगार इथल्या किमान वेतनाच्या चौपट लागतो, यंदा 3,480 युरो), तो चारच महिन्यांचा असतो. तेवढ्यात ठसे द्यायचे आणि कार्डाची वाट बघायची. ठसे मेमध्ये दिले, व्हिसा जूनमध्ये संपला. कार्ड पोस्टाने येणार म्हणून रोज खाली जाऊन पेटी उघडतो, तर आत पिझ्झाची पत्रकं. कार्डाशिवाय बाहेर पडलो तर परत आत घेतीलच असं नाही. हे सगळं खरं आहे आणि बाबांना सांगायला पुरेसं आहे.

तुला सांगायचंय ते पुढचं. परवा वकीलबाईंनी कळवलं, ऑगस्टमध्ये काही होईल असं धरून चालू नका. आणि मला बरं वाटलं रे. चक्क हायसं. कॉफी केली, गॅलरीत बसून प्यायलो, आणि कप संपता संपता लक्षात आलं की हे तर स्वारगेटचं झालं. तेव्हाही एसटी चुकली असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि चुकली नव्हती, चुकवली होती, हे एकट्या तू ओळखलं होतंस. त्यावरून वर्षभर बोलला नाहीस. (त्यात तुझंच चुकलं, हे माझं मत अजून कायम आहे.)

घरी आलो की ओटीवर बसून उत्तरं द्यायची. पगार किती, परत कधी, लग्नाचं काय. यातल्या पगाराचं तेवढं उत्तर माझ्याकडे आहे. बाय द वे, पगार हा शब्द यांचाच, पण इथे त्याचा अर्थ पैसे देणे. पहिल्याच आठवड्यात काउंटरवरची मुलगी 'पगार' असं काहीतरी म्हणाली आणि मी मनात म्हटलं, बाई, एक तारखेला. चावी, बिजागरी, परात, घमेलं, सगळं यांच्याकडूनच आलंय, आणि तरी मला वाक्य जुळवता येत नाही. इथे कोणी काही विचारतही नाही. दुकानात फक्त 'कॉन्त्रिब्युइंत?', म्हणजे कराचा नंबर. नऊ आकडे म्हटले की सुटलो. मार्चमध्ये एकदा अख्खा आठवडा असा गेला की ऑफिसचे कॉल सोडले तर तोंडातून ते नऊ आकडेच निघाले. पाऊस तेव्हाच पडतो इथे, थंडीत. दगडी घर, कपाटातल्या शर्टांना बुरशी. आपल्या श्रावणाची आठवण यावी अशी, फक्त बोटं गारठलेली.

तसे लोक वाईट नाहीत. रहिवासी दाखला इथेही ग्रामपंचायतीसारख्या कचेरीतून आणावा लागतो, आणि दोन शेजारी साक्षीला लागतात. खालच्या कॅफेवाल्या मावशीने एप्रन काढून, हात पुसून सही केली. माझं नाव तिला अजून उच्चारता येत नाही.

जूनच्या 23 तारखेला सांव झुआंवची, म्हणजे इथल्या संताच्या सणाची, रात्र असते. रस्त्यारस्त्यावर निखाऱ्यांवर तारल्या, आणि जो तो प्लास्टिकचा हातोडा दुसऱ्याच्या डोक्यात मारतो. मला एका आजीने दोनदा हाणला. त्या दिवशी मांजेरिकूच्या कुंड्या विकतात, बारीक पानांचं गोल झुडूप. नाक लावून हुंगायचं नाही, वर हात फिरवून हाताचा वास घ्यायचा. मी घेतला. सब्जा, पक्या! तुमच्या विहिरीकडचा. कुंडी आणून खिडकीत ठेवलीय. रोज पाणी घालतो आणि, तू हसणार म्हणून सांगत नव्हतो, आंघोळ करूनच घालतो.

बाबांचा सकाळी सहाचा फोन म्हणजे इथे रात्रीचा दीड. "चतुर्थेक येतलस मा?" मी "बघूया" म्हणतो, ते "होय" ऐकतात. माझ्या खोलीला रंग काढला म्हणे. तू काही सांगू नकोस, पुढच्या रविवारी मीच सांगतो. कार्डाचंच सांगेन. बाकीचं तुझ्यापाशी राहू दे.

वहिनींचे टाके निघाले का? काजूचं काय झालं? इथेही काजूला काजूच म्हणतात, पण भाव विचारू नकोस. धाकट्याला आशीर्वाद.

आणि गणपतीवरच्या माटवीला टांगायची कवंडाळं आणायला आदल्या दिवशी जाऊ नकोस, गेल्या वर्षी आपल्या आधीच कोणी नेली होती. दोन दिवस आधी जा, व्हाळापलीकडे, काठी घेऊन. माटवी बांधताना बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. ते म्हणतील, मी नुसती शिडी धरतो. धरत नाहीत.

तुझा,
सुध्या